भिंतीपलीकडे मी नव्हते

हे खरं आहे म्हणून मी शपथा घेत बसणार नाही. उलट माझीच एक विनंती आहे. हे सगळं खोटं आहे, असं तुमच्यापैकी कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याचे पाय धरीन.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. कुत्री रडत नव्हती.

शनिवारची भर दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि आम्ही घर बघायला गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि दादा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं ते दादाने. माझ्या वेण्या घालण्यापासून माझं लग्न लावून देईपर्यंत सगळं त्याने केलं. स्वतः मात्र लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "एक डोकेदुखी पुरे आहे की!"

दादा गवंडी. नंतर लहानसहान कामांचे ठेके घ्यायला लागला. लोक घर विकत घेण्याआधी त्याला बघायला न्यायचे. पण तो घर बघायचा नाही, ऐकायचा. भिंतीशी कान नेऊन वाकवलेल्या बोटाने ठोकायचा.

टक टक… टक.

नेहमी तसंच. दोनदा, मग जरा थांबून एकदा. भरीव वाजलं की मान डोलवायचा. पोकळ वाजलं की तोंड असं करायचा, जणू कुणी नासकं दूध दिलंय. कामावरचे लोक त्याला ठोक्या म्हणायचे.

मी लहान असताना शाळेला सुट्टी पडली की तो मलाही कामावर न्यायचा. जाड भिंतीतून पाइप काढायचा असेल तर दोन्ही बाजूंनी जागा जुळवावी लागते. दादा अलीकडून ठोकायचा. मी पलीकडे भिंतीला कान लावून बसलेली असायचे. आवाज जिथून येई तिथेच मी उलट ठोकायचे. जागा जुळली की तो ओरडायचा, "येऊ दे!"

मग पलीकडचा गडी छिन्नी लावायचा आणि फोडत फोडत इकडे यायचा. भोक आरपार झालं की दादा म्हणायचा, "बास!"

येऊ दे म्हणजे ये. बास म्हणजे थांब. इतकंच.

त्या शनिवारी आधी आम्ही नवीन इमारतीतला फ्लॅट बघितला. सगळं चकाचक. लिफ्टमध्ये आरसा, दाराला पितळी मूठ, भिंती पांढऱ्याशुभ्र. माझा नवरा उगाचच हळू आवाजात बोलायला लागला.

दादाने बूट काढले आणि तो टाचेने फरशीवर ठोकत फिरला.

"ही पोकळ. ही पोकळ. ही बरी. ही पोकळ. खाली सिमेंट लावलंय की नुसता हात फिरवलाय?"

बाथरूममध्ये त्याने मगभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जाण्याऐवजी डुलत डुलत दाराकडे आलं.

"वा! पाणी स्वतःच्या पायांनी बाहेर येतंय. पुसायचे कष्ट वाचले."

मग तो हॉलच्या भिंतीकडे गेला. टक टक… टक.

"कोण आहे?" पलीकडून एक बाई ओरडल्या.

"नवे शेजारी!" दादा इकडून ओरडला आणि माझ्याकडे वळला. "घे. ओळखसुद्धा झाली. भिंत नाही ही, पडदा आहे."

तिथून आम्ही जुन्या घराकडे गेलो. गल्लीच्या टोकाला असलेलं एक बैठं घर. मालकीणबाई एकट्याच राहत होत्या. लेकीकडे कायमचं राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलेलं.

माझा नवरा दारातच पाघळला. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसता येत होतं. तो बसलाही.

"काय बांधायचे हो दादा पूर्वीचे लोक! इथे बसून निवांत चहा प्यायचा."

"चहासाठी घर घेता होय, जावईबुवा? त्यापेक्षा एक बाक घ्या. स्वस्त पडेल."

पण दादालाही घर आवडलं होतं. मला कळत होतं. चौकटीच्या लाकडावरून तो हात फिरवत होता, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"हे बघा," तो म्हणाला, "जुनं ते सोनं वगैरे काही नसतं. जुन्यातलं जे वाईट होतं ते केव्हाच पडलं. जे उरलंय तेच आपण बघतो आणि कौतुक करतो. या घराचं वायरिंग गेलंय, भिंतींच्या पायाला ओल आहे, छपराला वाळवी लागलीय. पण भिंत म्हणाल तर ही भिंत आहे. फक्त एक गोष्ट आहे. जुन्या जाड भिंती आतून एकसंध नसतात. दोन बाजूंनी नीट बांधायचे आणि मधल्या जागेत काय हाताला येईल ते भरायचे. विटांचे तुकडे, माती, काहीही. नव्या भिंतीत काही नसतं हे निदान ठाऊक तरी असतं. जुन्या भिंतीत काय आहे ते बांधणाऱ्यालाही सांगता येणार नाही."

मग मी आणि दादा स्वयंपाकघरात गेलो.

तिथे मला एक विचित्र गोष्ट दिसली.

घरातल्या इतर सगळ्या भिंतींवर माणसं राहिल्याच्या खुणा होत्या. खिळे, खिळ्यांची भोकं, फडताळ काढल्याचे डाग, पोरांच्या पेन्सिलीच्या रेघा. पण स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर…

काहीच नव्हतं.

एक खिळा नाही. एक ओरखडा नाही. भांड्यांची मांडणीसुद्धा त्या भिंतीपासून हातभर लांब ठेवलेली.

"पलीकडे काय आहे?" दादाने विचारलं.

"मागची खोली," मी म्हणाले. येताना मला अंगणातून तिचं दार दिसलं होतं.

"सिंकचा पाइप तिकडून काढता येईल. जा बरं पलीकडे. जाडी किती आहे ते बघू."

सवयीप्रमाणे मी निघाले. नवरा खिडकीच्या कट्ट्यावरून हलायला तयार नव्हता.

अंगणात आले तर मागच्या खोलीला कुलूप. मालकीणबाई नळाशी भांडी विसळत होत्या. मी किल्ली मागितली. त्यांनी हात पुसले, कमरेचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली डोळ्यांशी धरून बघायला लागल्या. म्हाताऱ्या माणसाला घाई कशी करणार? मी उभी राहिले.

तेवढ्यात मला आतून दादाचा आवाज ऐकू आला.

"हं… तिथेच… जुळलं."

मी धावतच स्वयंपाकघराच्या दाराशी आले. दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. कान भिंतीला लावलेला. चेहऱ्यावर हसू.

त्याने ठोकलं. टक टक… टक.

आणि भिंतीतून…

टक टक… टक.

अगदी त्याच जागेवरून. जरासं खोल.

"येऊ दे!" दादा मोठ्याने म्हणाला.

"दादा," मी दारातून म्हणाले, "कुणाशी बोलतोयस?"

तो वळला. मी इकडे आहे हे त्याने बघितलं. त्याचा हात अजून भिंतीवरच होता. मी त्याचा चेहरा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दादा मला लहान वाटला.

मग भिंतीतून पुन्हा आवाज आला. आमच्यापैकी कुणीही ठोकलेलं नसताना.

या वेळी तो थोडा जवळ होता.

मालकीणबाईंनी मागची खोली उघडली. आत कुणी नव्हतं. फरशीवर धुळीचा थर होता आणि त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता.

"उंदीर असेल," दादा म्हणाला.

"उंदीर ताल धरतो का रे?" मी म्हणाले. मला हसू आणायचं होतं, पण आलं नाही.

मालकीणबाई दादाकडे बघत होत्या.

"तुम्ही काही बोललात का त्याला?"

दादाने ठोकायचा हात खिशात घातला.

"वाजतं ते. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून वाजतंय. वाजू द्यायचं. आम्ही कधी उत्तर दिलं नाही हो." त्या खाली बघून पुटपुटल्या, "कधीच नाही दिलं."

त्याला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आम्ही नवीन फ्लॅट घेतला. जुन्या घराचं नावसुद्धा पुन्हा कुणी काढलं नाही.

तिथे आमची सामानाची लावालाव चालू होती. फरश्या बदलायला दादा येणार होता, पण रोज काहीतरी कारण सांगायचा. शेवटी एका सकाळी मीच त्याच्या घरी गेले. गावाबाहेर त्याच्या दोन खोल्या होत्या, त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या.

दार उघडंच होतं.

दादा खोलीच्या मधोमध फरशीवर बसला होता. पलंग, कपाट, खुर्ची, सगळं भिंतींपासून ओढून मध्ये आणलेलं.

"दादा, हे काय?"

"मी काम सोडलं," तो म्हणाला. "ज्या घरात जातो तिथे उत्तर येतं. ठोकलं की येतं. आता न ठोकताही येतं."

"चल, काहीतरीच."

तो उठला आणि समोरच्या भिंतीशी गेला. "ही भिंत मी बांधलीय. वीट न वीट मी लावलीय. आत बोट शिरायला जागा नाही."

त्याने ठोकलं. टक टक… टक.

आम्ही थांबलो.

टक टक… टक.

मी तुम्हाला कसं सांगू? जुन्या घरात तो आवाज खोलातून आला होता. इथे तो प्लास्टरच्या लगेच मागे होता. हात लावला असता तर बोटाला लागला असता.

"बास," दादा भिंतीला म्हणाला. आधी हळू. मग मोठ्याने. "बास! अरे बास म्हटलं ना!"

या शब्दावर आयुष्यभर गडी थांबायचे. छिन्नी जागच्या जागी थांबायची.

टक.

दादा मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही, कारण तेव्हा मी रडत होते.

मी त्याला तसंच उठवून आमच्या घरी आणलं.

माझा नवरा भोळा आहे, पण मनाने फार चांगला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, बिनधास्त राहा. तुम्हीच म्हणालात ना, ही भिंत नाही, पडदा आहे? या पडद्यात काय मावणार? राहायला जागा तर पाहिजे त्याला!"

आणि खरंच… आमच्याकडे आवाज आला नाही.

आम्ही वाट बघितली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शेजारच्या बाईंच्या शिंका ऐकू यायच्या, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तर कळायचं, पण तो आवाज नाही. पोकळ फरश्या, पातळ भिंती, दाराकडे धावणारं पाणी, मला सगळ्याचं कौतुक वाटायला लागलं. मी त्या बिल्डरला मनातल्या मनात आशीर्वाद दिले.

"जागाच नाही त्याला," मी दादाला म्हणायचे. "गेलं ते परत."

दादा हसायचा. पण जेवण कमी झालं होतं. जिना चढताना धापा टाकायचा. वजन तर घटत होतं, शर्ट अंगावर लोंबायला लागले होते, तरी त्याच्या पावलांचा आवाज मात्र जड यायचा. पलंगाची फळी त्याच्याखाली वाकली.

मी एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. आमच्या डॉक्टरांना म्हटलं, जरा माझ्या भावाला बघा.

डॉक्टरांनी दादाला शर्ट काढून पाठमोरं बसवलं. नळी लावून ऐकलं. मग त्यांनी डावा पंजा त्याच्या पाठीवर पसरला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. छाती तपासताना डॉक्टर ठोकतात तसंच. रोज बघते मी ते. त्या क्षणापर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं की दादाही अगदी असंच…

टक टक.

डॉक्टर थांबले. त्यांनी थोडं खाली ठोकलं.

टक टक.

आणि दादाच्या पाठीतून…

टक.

डॉक्टरांनी हात उचलला. माझ्याकडे बघितलं. मी ऐकलं की नाही, हे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. मी ऐकलं होतं.

त्यांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "छाती पोकळ वाजायला हवी. आत हवा असते ना. ही… ही भरीव वाजतेय."

दादा आमच्याकडे पाठ करूनच बसला होता.

"भरीव म्हणजे चांगलं ना, डॉक्टर?" त्याने विचारलं.

छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ आला. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथेही सगळं स्वच्छ. रक्त चांगलं, हृदय चांगलं. तिथल्या डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी मात्र त्याला पुन्हा हात लावला नाही. मी विषय काढला की ते पुढच्या पेशंटला आत बोलावतात.

जुन्या घरीही जाऊन आले. मालकीणबाई लेकीकडे गेल्या होत्या. ती लेक कुठे असते हे शेजाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी दादा माझ्यापुढे पाठ करून बसायचा.

"बघ गं जरा ठोकून. कुठवर आलंय?"

आणि मी ठोकायचे. दुसरं काय करणार? त्याची हाडं माझ्या बोटाला लागायची. ज्या पाठीवर बसून मी जत्रेतला घोडा समजून त्याला हाकलं होतं, त्या पाठीवर मी एकेक वीत जागा ठोकत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. आधी उत्तर डाव्या खांद्याखालून यायचं. मग मधून. मग मानेजवळून.

मी खोटं सांगायचे. "तिथेच आहे रे. हललेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

पण तो ठोक्या. त्याला काय आवाज ओळखता येत नव्हता?

भिंत असती तर मी पाडली असती हो. घण घेतला असता आणि वीट न वीट उपसून काढली असती. माणसाचं काय करायचं? माझ्या दादाचं मी काय करू?

गेल्या सोमवारी उत्तर आलं नाही.

मी पुन्हा ठोकलं. पाठ, खांदे, मान. कुठूनच नाही. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं.

मग माझ्या लक्षात आलं.

कुठेही ठोकलं तरी आवाज एकच येत होता. पाठीला, दंडाला, मनगटाला. एकसारखा, घट्ट, भरीव. कुठेही पोकळी उरलेली नव्हती.

दादाने त्या संध्याकाळी काही विचारलंही नाही. त्यानंतरही पुन्हा कधी विचारलं नाही.

तो बोलत नाही. खिडकीशी बसून असतो. त्रास देत नाही. समोर ताट ठेवलं की जेवतो, आता तर भरपूर जेवतो. धाप लागत नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुझ्या भावाची तब्येत सुधारली गं. नवराही म्हणतो, होईल हळूहळू नीट. मी हो म्हणते.

काल संध्याकाळी मी त्याला जेवायला हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली. शेवटी त्याच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. थंड होता खांदा.

"दादा," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता. "दादा, तूच आहेस ना रे?"

त्याने सावकाश मान वळवली. आधी छताकडे बघितलं. मग भिंतींकडे, दाराकडे, फरशीकडे. नवीन घर बघायला आलेला माणूस बघतो ना, तसं एकेक करून.

सगळ्यात शेवटी माझ्याकडे बघितलं.

"आलो," तो म्हणाला.

आणि उठून पानावर येऊन बसला. मी वाढलं. मला वाढवलेल्या माणसाला मी घराबाहेर कशी काढू?

आणि तो जर दादा नसेल, तर माझा दादा कुठे आहे हे मी कुणाला विचारू?